आभाळातला अंगठा

अण्णा, तुमच्या छापखान्याच्या मालकांचं ते लाल पाठीचं मोठं पुस्तक सापडलं. बार्शीत होतं, एसटीनं दीड-दोन तासांवर! आणि त्यासाठी मी तीस वर्षं कुठंकुठं हिंडले ते माझं मला ठाऊक. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी पुरता घातला. तुम्ही गेलात तेव्हा माझी लेक पहिलीत होती, आता तिची लेक पहिलीत आहे. त्यामुळे तुमच्याशी बोलताना मला थांबून आठवावं लागतं, की कुठली गोष्ट तुमच्या देखतची आणि कुठली तुमच्या माघारची. पण ही बातमी सांगावी असा दुसरा माणूस मला सुचेना. घरात सांगितली, तर तुमचे जावई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "वा वा. म्हणजे आता घरात डोंगर किती झाले?" म्हणून आज स्वयंपाक उरकून, ओटा पुसून, ओट्यापाशीच स्टूल ओढून लिहायला बसले आहे.

डोंगर म्हणजे माझे अल्बम. हे तुमच्या माघारचं. तुम्ही मला शिकवून भूगोलाची बाई केलीत, आणि मी शाळा सांभाळून दगडावरच्या छपाईचे जुने अल्बम जमवत बसले. मोठाले, जाड पानांचे, प्रत्येक पानावर एक रम्य देखावा आणि त्यावर पातळ कागदाचा पडदा. धुक्यातलं तळं, पडका किल्ला, कड्यावरून कोसळणारा धबधबा, चांदण्यातला पूल. कुणी विचारतं, लिथो म्हणजे काय हो बाई? मी तुमच्याच शब्दांत सांगते. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड पाण्यानं ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला हाकलतं, तेल शाईला धरून ठेवतं, म्हणून जिथं खडू तिथंच शाई. मग कागद दाबायचा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'एवढंच?' असा भाव आला, की मला राग येतो. तुम्हालाही यायचा.

हे सापडलेलं सोडून माझ्याकडे असे एकोणीस अल्बम आहेत. पहिला आमच्या शाळेच्या वाचनालयानं मोडीत काढला तो, वाळवीनं कडा खाल्लेला. मग एका निवृत्त इंजिनियरच्या घरातला, मग रेल्वेच्या जुन्या बंगल्यातून निघालेला, आणि बाकीचे बहुतेक मंगळवार बाजारातल्या रद्दीवाल्या चाचांच्या कृपेनं. चाचा मला लांबून बघितलं की ओरडतात, "बाईसाब, पहाडां आये तुम्हारे!" आजूबाजूचे भाजीवालेसुद्धा आता मला डोंगरवाली बाई म्हणतात. खरं सांगू का, अर्धी मजा त्या चित्रांतल्या चुका काढण्यात आहे. एका चित्रात चंद्र किल्ल्याच्या मागं आहे आणि किल्ल्याची सावलीही मागंच पडली आहे. एकात धबधबा अशा सुळक्यावरून येतो, की वर तांब्याभर पाणी साठायला जागा नाही. आणि प्रत्येक देखाव्यात एक इवलासा माणूस आपल्याकडे पाठ करून उभा, काही काम न करता नुसता बघतोय. आमच्या मुलांनी नकाशात असा गोंधळ घातला असता तर मी बाकावर उभं केलं असतं. पण पान उलटवत नाही. बसते बघत, त्या माणसासारखीच.

ही सवय तुमची. तुम्हीही शिव्या देत देतच ती चित्रं काढायचात. मे महिन्याचं सोलापूर, वर पत्रा, आणि तुम्ही दगडावर वाकून बर्फाचे डोंगर काढताय. घामाचा थेंब दगडावर पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल करकचून बांधलेला, पाठीवर घामोळं उठलेलं. समोर मालकांचं लाल पुस्तक आरशाकडे तोंड करून उभं केलेलं, कारण दगडावर चित्र उलटं काढावं लागतं, आणि तुम्ही पुस्तकाकडे न बघता आरशात बघून काढायचात. मालकांच्या वडिलांनी ते कुठल्याशा साहेबाच्या लिलावात घेतलं होतं. त्यातली अक्षरं आपल्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती. "कुटलं असंल ओ हे गाव?" असं मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "मालकाच्या पुस्तकातलं गाव हाय. तितं ऊन न्हाय आन् पोटापान्याची चिंता न्हाय, बघ की कसा निवांत हुबा हाय गडी." तुमच्या लेखी जगातली सगळी तळी सिद्धेश्वरच्या तळ्याशी मापायची असायची. पुस्तकातलं एकही तळं त्याच्यापुढं टिकलं नाही.

एकदाच हरलात. मोडनिंबला आत्याकडे जायचं सोडून आपण त्या दिवशी पुढं टेंभुर्णीच्याही पलीकडे गेलो होतो, धरणाचं पाणी बघायला. हिवाळ्यातली सकाळ होती, पाण्यावर धुकं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. तुम्ही एसटीतून उतरलात, कमरेवर हात ठेवलेत आणि पार पाण्याच्या कडेपर्यंत गेलात. मग म्हणालात, "आयला, खरं हाय की हे. आमी समजत हुतो साहेब लोकं थापा मारत्यात." आई म्हणाली, चहा निवतोय. तुम्ही आमच्याकडे पाठ करून तसेच उभे. ते चित्र कुणी काढलेलं नाही, पण माझ्या लेखी सगळ्या अल्बमांतलं पहिलं पान ते.

तुम्ही दगड घासणारा म्हणून लागलात त्या छापखान्यात, आणि घासता घासता चित्र काढायला शिकलात. चादरीची लेबलं, तंबाखूच्या पुड्यांचे कागद आणि वर्षातून एकदा कॅलेंडरं. देवादिकांची कॅलेंडरं मोठ्या गावांतून रंगीत छापून यायची, ती आपल्या मालकांना परवडायची नाहीत, म्हणून आपल्याकडे देखावे. त्यात मालकांचं एक तत्त्वज्ञानही होतं. देवाचं कॅलेंडर वर्ष संपलं तरी कुणी काढत नाही, मग भिंतीवर नव्याला जागा कुठली? देखाव्याचं कॅलेंडर लोक हसत हसत काढतात, त्याची वह्यांना कव्हरं घालतात, फडताळात अंथरतात, आणि पुढच्या वर्षी नवीन मागायला येतात. मालक हुशारच होते. पण त्यांच्या या हुशारीपायी तुमच्या हातची इतकी कॅलेंडरं निघूनही माझ्या हाती एक लागत नव्हतं. सगळं गाव तुमची तळी अंथरून त्यावर डबे ठेवत होतं.

आता त्या दिवसाचं. मी पाचवीत. सकाळची शाळा सुटायच्या आधीच पोट दुखतंय सांगून पळून आले होते, कारण आदल्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, की पुस्तकातलं सगळ्यात भारी चित्र काढायला घेतलंय. तळं, काठावर पडका किल्ला आणि वर भलंमोठं मोकळं आभाळ. मी डबा घेऊन येते. आपण दोघं दाराशी बसतो. कडक भाकरी मोडून मोडून, शेंगाची चटणी, वर आईनं घातलेलं तेल. तुम्ही जेवून उठलात, नेहमीप्रमाणे साबण लावून कोपरापर्यंत हात धुतलेत आणि मला म्हणालात, "हात धू. आन् दगडाजवळ जाऊ नगंस. तेलाचं बोट लागलं की दगड इसरत न्हाय." तेवढ्यात मालकांनी आत हाक मारली. तुम्ही गेलात. चित्र पुरं झालेलं होतं, दगड टेबलावर होता, चित्र दगडावर पक्कं करायचं तेजाबाचं काम राहिलं होतं. माझा अंगठा आभाळाला लागला. बघितलं तर काहीच उमटलं नव्हतं, नुसता दगड. तुम्ही परत यायच्या आत मी डबा उचलून पळाले.

तेलाचा डाग पहिल्याच कागदावर दिसत नाही, हे मला नंतर कळलं. प्रूफ स्वच्छ निघालं, मालकांनी मान डोलावली, छपाई सुरू झाली. रूळ फिरत गेला तसा डाग शाई पीत गेला. अर्धा गठ्ठा संपेपर्यंत किल्ल्याच्या वर, मोकळ्या आभाळात, एक अंगठा उगवून आला. रेषान् रेषा दिसत होती म्हणे. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन आले तेव्हा मालकांचा आवाज दारापर्यंत येत होता. "वीस वर्षं झाली तुम्हाला दगडावर, आणि जेवून तसाच हात लावता? कालच्या पोरानं केलं असतं तर गोष्ट वेगळी!" सगळे कामगार हातातलं काम सोडून बघत होते. तुम्ही टॉवेल डोक्यावरून काढून हातात घेतला होता. म्हणालात, "चूक झाली मालक." एवढंच. मी दाराच्या कडेला डबा ठेवला आणि घरी आले. रस्ताभर ठरवत होते, संध्याकाळी सांगायचं. संध्याकाळी तुम्ही हसत घरी आलात, पायरीवर बसून चप्पल काढता काढता आईला म्हणालात, "आज मालकानं झाडला मला," आणि पाणी मागितलंत. मी पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. आज त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली.

आणि दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही चटणी सोडलीत! डब्यात नुसती भाकरी, कांदा आणि गूळ. आईला पटेना. "सोलापूरचा मानूस आन् शेंगाची चटणी खात न्हाय? लोकं काय म्हनतील?" तुम्ही म्हणालात, "कामाच्या दिवशी नगं. हाताला लागती." छापखान्यात याची थट्टा झाली, गल्लीत झाली, लग्नकार्यात पंगतीला वाढपी मुद्दाम तुमच्यापुढं चटणीचं भांडं घेऊन थांबायचे. तुम्ही पानावर हात आडवा धरायचात. फक्त रविवारी खायचात, आणि रविवारी मात्र आठवड्याची भरपाई करायचात. आई म्हणायची, चटणीबरोबर भाकरी खाताय की भाकरीबरोबर चटणी? मी ताटात बघत जेवायचे. माझ्या तीन बोटांत धरलेली चिमूटभर चटणी मला तोंडात घालवायची नाही, पण घालायचे, कारण नाही घातली तर तुम्ही विचाराल, आणि विचारलंत तर मला रडू येईल.

मला शाळेत नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही मला तुमचं भिंग दिलंत. पितळी कडीचं, मुठीत मावणारं, छापखान्यात रोज डोळ्याला लावायचात ते. छापखाना तोवर बंद पडायला आला होता. फडक्यात गुंडाळलेलं ते माझ्या हातात ठेवून म्हणालात, "घे. ह्येच्यातनं सगळं दिसतंय बघ. मला सगळं दिसलं." मला वाटलं, म्हातारपणी माणसं बोलतात तसं बोलताय. मी पाया पडले, तुम्ही डोक्यावर हात ठेवलात. त्या दिवशी सांगता आलं असतं. पेढे वाटायच्या गडबडीत तेही राहून गेलं.

मग तुम्ही गेलात, आणि मला एक खूळ लागलं. ते कॅलेंडर एकदा बघायचं. नुसतं बघायचं, की खरंच केवढा होता तो डाग, ज्यापायी माझ्या बापानं एवढी वर्षं कोरडी भाकरी खाल्ली. कॅलेंडर मिळेना म्हणून मी ते पुस्तक शोधायला लागले, ज्यावरून तुम्ही चित्र उतरवलं. पुस्तक मिळेना, तेव्हा त्याच्यासारखी दिसणारी दुसरी पुस्तकं घेत सुटले. माझा सगळा छंद म्हणजे एवढंच. लोकांना वाटतं बाईंना कलेची आवड. एकदा एका सहशिक्षिकेकडे सत्यनारायणाला गेले होते. भिंतीवरच्या लक्ष्मीच्या फोटोमागं जुन्या कॅलेंडरचा कागद लावलेला, कडेनं तळ्याचं पाणी डोकावत होतं. माझा धीर सुटला. भटजी पोथी वाचताहेत आणि मी स्टुलावर चढून लक्ष्मी उलटी करते आहे! मागं निघालं साबणाच्या जाहिरातीतलं राजहंसाचं तळं. प्रसाद न घेताच निघावं असं वाटलं, पण घेतला, शिरा चांगला झाला होता.

गेल्या महिन्यात चाचांचा फोन आला. बार्शीला धान्य बाजाराच्या मागं एका घरात माळे साफ चाललेत, तिथं डोंगरांचं एक मोठं पुस्तक आहे, लाल पाठीचं, पण बाई रद्दीत द्यायला तयार नाहीत. "जिसको समझता, उसकोच देती बोले," म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. दार उघडलं ते माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या बाईंनी. मी छापखान्याचं नाव काढलं, तुमचं सांगितलं, आणि त्यांनी मला हाताला धरून आत घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे तू डबा घेऊन यायचीस ती? अगं, मी मालकांची मुलगी." बार्शीला दिलं होतं ना त्यांना! त्यांचं लग्न तुम्हीच छापलं होतंत, पत्रिकेवर कमळं होती. मला कसं सुचलं नाही इतक्या वर्षांत? जिथं मालकांचा जीव, तिथंच मालकांचं पुस्तक जाणार.

त्यांनी आधी मला घर दाखवलं. न्हाणीत नेऊन म्हणाल्या, "हे बघ, ओळखतेस का?" कपडे धुवायला बसवलेला पिवळसर, गुळगुळीत दगड. तुमचा, छापखान्यातला. तिथून चार आणले होते, दोन उंबऱ्याला गेले, एक तुळशीखाली, एक हा. मी खाली बसून त्याच्यावरून हात फिरवला, त्या म्हणाल्या, साबण आहे गं, घसरशील. मग दिवाणावर त्यांनी पुस्तक आणून ठेवलं. तेच. कव्हर घातलेलं होतं, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं, चारही कोपरे दुमडून, पाठीवर तेवढं विरून आतलं लाल दिसत होतं. कागद जुना, पिवळा पडलेला, बाहेरून कोरा. त्या म्हणाल्या, "कव्हर पार विरलंय. थांब, नवीन ब्राऊन पेपर घालून देते." आणि नखानं कोपरा उचकटायला लागल्या. आतल्या बाजूला शाई दिसली. मी "नको!" म्हणून अशी ओरडले, की आतून त्यांची सून धावत आली.

दोघींनी मिळून तो कागद सोडवला. छापलेली बाजू आत होती म्हणून जशीच्या तशी राहिली होती. तळं, किल्ला, खाली तारखांचा तक्ता, दुकानाचं नाव, छापखान्याचं नाव. आणि वर आभाळात अंगठा. बाई हसायला लागल्या. "हाच तो! बाबा शेवटपर्यंत सांगायचे याची गोष्ट. म्हणायचे, रागाच्या भरात बोललो ते नंतर, आधी म्हटलं ब्लेडनं खरवडून टाका, दोन मिनिटांचं काम. तर आमचा चित्रकार भिंग लावून कितीतरी वेळ बघत बसला, आणि म्हणाला, ऱ्हाऊ द्या मालक, खरवडलं तर आभाळाला भोक पडंल. ढग म्हनून चालतंय. म्हटलं, अहो, ढगाला असल्या वळ्या असतात का? तर म्हणाला, परदेशातला ढग हाय, आपल्याला काय म्हाईत!"

मी पिशवीतून भिंग काढलं. अण्णा, किती लहान आहे तो अंगठा. माझ्या नातीच्या अंगठ्याएवढा. मोठ्या माणसाचा तो असूच शकत नाही, आणि रेषांच्या मधून एक पांढरी तिरपी चीर गेली आहे, वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे. दगडावर उलटं, कागदावर सुलटं. मी माझा उजवा अंगठा शेजारी धरला. कैरी चिरताना विळीवर कापला होता, तोच वण, तसाच तिरपा. तुम्हीच हळद भरली होती त्यात, तुम्हीच चिंधी बांधली होती आणि आठवडाभर रोज सोडून बघत होतात. भिंग लावून बसला होतात ते हेच बघत. तुम्हाला त्याच दिवशी, त्याच वेळी कळलं होतं! मग टॉवेल हातात घेऊन चूक झाली म्हणालात ते? आणि चटणी? मालकांना पटावं, कामगारांना पटावं, कुणाच्या मनातही डबा आणणाऱ्या पोरीचं नाव येऊ नये, म्हणून? एकदा सोंग घेतलं की ते निभवावं लागतं, म्हणून मग जन्मभर? मी बाईंच्या दिवाणावर बसून हसले आणि रडले, दोन्ही एकदम. त्या बिचाऱ्या चहा टाकायला गेल्या.

पुस्तक त्यांनी मला दिलं. काय द्यायचं विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा हात माझ्या बाबांपेक्षा जास्त लागलाय त्याला. फक्त पुढच्या वेळी येताना शेंगाची चटणी आण. इथली खाल्ली, पण सोलापूरची ती सोलापूरची." परतीच्या एसटीत मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, कसलं पुस्तक? मी म्हटलं, डोंगरांचं. ती म्हणाली, बरंय, आमच्याकडं नुसतं तुरीचं रान. मला रविवारचं तुमचं जेवण आठवत होतं. मी ताटात बघत जेवायचे म्हणून मला कधी कळलं नाही, की तुम्ही कुठं बघत होतात. माझ्याकडेच बघत असणार. पोरगी कधी बोलतेय, वाट बघत. चटणी चापून खात होतात आणि मजा बघत होतात, आता मला पक्कं वाटतं.

तर आता माझ्याकडे वीस अल्बम झाले आणि एक कॅलेंडर. ते मी चौकटीत लावणार नाही, पुस्तकातच ठेवणार आहे, मूळ चित्राशेजारी, मध्ये पातळ कागदाचा पडदा घालून. हे पत्रही तिथंच. पाठवायचं कुठं? आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट वर मी लबाडीनं लिहिली आहे आणि ती खोडून नीट लिहायला माझा हात धजत नाही. माझा अंगठा आभाळाला 'लागला' असं लिहिलं. तुम्हीही तेच समजलात, की पोरीचं बोट चुकून लागलं. आदल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं का? पुस्तकातल्या प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरांत नावं आहेत, कॅलेंडरावर दुकानाचं आहे, मालकांचं आहे, मग अण्णा, तुमचं नाव कुटं हाय? तुम्ही हसून म्हणालात, "आपलं नाव न्हाय येत बाळ त्यात." मला ते आवडलं नाही. म्हणून हात धुतला नाही, चटणीच्या वाटीत तळाशी राहिलेलं तेल अंगठ्यानं पुसून घेतलं आणि जिथं सगळ्यांना दिसेल तिथं, आभाळाच्या मधोमध, दहा आकडे मोजून होईपर्यंत दाबून धरला. आपल्या घरातलं कुणीतरी त्या चित्रात असावं, एवढंच मनात होतं.